सूप उचलेना

हैबतरावांनी निकाल देऊन टाकला होता. लोडरचा पंप संपला, आणि तो बिरूने संपवला.

चौसष्ट सालची गोष्ट. ताम्हिणीच्या घाटात रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि हैबतराव कंत्राटदाराचे ओव्हरसिअर होते. त्यांच्या ताब्यात एकच लोडर, आणि त्यावर बिरू. धनगरवाड्यातला हा पहिलाच गडी, ज्याने मेंढरांची काठी ठेवून स्टिअरिंग धरलं. लोडरच्या पुढच्या लोखंडी पात्राला सगळे सूप म्हणत. सुपात दगडमाती भरायची, तेलाच्या दाबाने ते वर उचलायचं आणि ट्रकमध्ये ओतायचं, एवढंच काम. पण आठ दिवस झाले, भरलेलं सूप गुडघ्याइतकं वर येई आणि तिथेच थरथरत राही.

"मिस्त्री येतोय आज," हैबतराव म्हणाले. "पंप गेला म्हणाला, की तू आपला मेंढरांमागं जा."

मेंढरांमागे जायची बिरूला लाज नव्हती. पण त्या आसनावर बसलं की अख्खा डोंगर आपलं ऐकतो असं त्याला वाटे, आणि हे सुख सोडायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

मिस्त्री म्हणजे नांद्याचे कुशाबा. साठीला टेकलेले, अर्धं आयुष्य लष्कराच्या वर्कशॉपात काढलेले. एसटीतून उतरले, हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि ती न उघडताच दगडावर बसले. हैबतरावांना वाटलं होतं, आल्या आल्या पंप खोलतील. कुशाबांनी आधी बिरूलाच जवळ बोलावलं.

"मला सांग, कवा उचलतं आणि कवा न्हाई?"

"सकाळी धा-बारा सुपं झ्याक उचलतंय मिस्त्री. मग जीव जातो त्याचा. बिडी वढायला थांबलो की परत सा-सात सुपं बरी निघत्यात. मग पुन्यांदा तेच."

"थांबलं की बरं वाटतं? नक्की?"

"व्हय. रोज मोजतुया मी."

कुशाबांचे डोळे एकदम लकाकले. लोडर चालू करायला सांगून त्यांनी हातोडीचा लाकडी दांडा पंपाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. पहिली काही सुपं सुरळीत गेली. मग पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि सूप अडलं. त्यांनी इंजिन बंद करवलं, निवांत बिडी ओढली आणि पुन्हा चालू करवलं. आवाज गायब! सूप ताडकन वर गेलं. सहा सुपांनी पुन्हा तीच खडखड. बिरू वरून बघत होता. नुसत्या कानाने यंत्राच्या पोटात शिरणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

"रावसाहेब, पंप चांगला हाय," कुशाबा म्हणाले.

"कशावरून?"

"झिजलेलं लोखंड इसावा घेऊन बरं व्हत न्हाई. उलट तेल तापंल तसं आणिक बिघडतं. व्हॉल्व्ह अडकला असता, तर पयलं सूपबी उचललं नसतं. ह्या पंपाला तेल वढायला मिळंना. टाकीत त्याच्या तोंडावर कायतरी चिकटतंय, आणि इंजिन बंद केलं की गळून पडतंय."

टाकीतलं तेल उपसलं. तळाशी हात घालून कुशाबांनी तेल ओढायच्या नळीची जाळी सोडवून बाहेर काढली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळ्या तंतूंचा जाड थर बसला होता, घोड्याच्या खोगिराखाली घालतात त्या नमद्यासारखा.

"हे काय आता?" हैबतराव ओरडले.

बिरूने ते लगेच ओळखलं. गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण ज्या माणसाने इतकं मन लावून निदान केलं, त्याच्यासमोर खोटं वागायचं त्याला जमेना.

"माजी लोकर हाय, मिस्त्री. तेल मी घोंगडीतनं गाळून वततुया. आयनं विणलेली, नवी कोरी. लोकरीला इटाळ न्हाई, म्हणून म्हटलं, यंत्राला चोख तेल मिळावं."

"ऐका!" हैबतराव कडाडले. "कुणी सांगितलं होतं गाळायला?"

"आण ती घोंगडी," कुशाबा शांतपणे म्हणाले.

बिरूने घोंगडीचा गाळायचा तुकडा आणला. कुशाबांनी तो उन्हात पत्र्यावर पसरला आणि सुरीच्या पाठीने खरवडला. तांबड्या गंजाचे कपचे आणि बारीक रेती पत्र्यावर पडली. बघता बघता मूठभर ढीग झाला.

"रावसाहेब, हे तुमच्या पिंपातलं. पिंपं उघडी ठेवता पावसापाण्यात. ह्यानं गाळलं नसतं, तर एवढं समदं पंपात गेलं असतं आणि पंधरा दिवसात पंपाचा चुरा झाला असता. कापड निवडायला चुकला, ते दोन तासांत धुऊन निघंल. पंप गेला असता, तर दोन म्हयने रस्ता बंद."

हैबतराव त्या ढिगापाशी वाकले. त्यांनी एक कपचा चिमटीत धरला आणि चोळून पाहिला. बोटं तांबडी झाली.

कुशाबांनी जाळी रॉकेलने धुतली, टाकी पुसली, जाळी परत बसवली आणि पिशवीतून बारीक पितळी जाळीचा तुकडा काढून बिरूला दिला. "हितनं पुढं ह्यातनं गाळायचं. आणि मोजणं सोडू नगंस. मिस्त्र्याचं अर्धं काम तू करून ठेवलं व्हतंस."

बिरूने तेल त्यातून गाळून टाकीत भरलं आणि तो वर चढला. दहा सुपं झाली, वीस झाली, तीस झाली. कुशाबांनी दांडा कानाला लावलाच नाही. एसटीची वाट बघत ते आरामात तंबाखू मळत बसले.

ट्रक भरून गेला तसे हैबतराव लोडरपाशी आले. खाली उतरू लागलेल्या बिरूकडून पितळी जाळी त्यांनी घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"उद्या पिंप उघडशील तेव्हा मला हाक मार," ते म्हणाले. "जाळी मी धरतो, तेल तू ओत."