उतरा

बाबांनी उभी हयात बस चालवली. शेवटचा थांबा आला की आरशात बघून ते म्हणायचे, “उतरा!” पोहोचवल्याचा सगळा रुबाब त्या एका शब्दात असायचा. घरच्या गाडीत मात्र हाच शब्द त्यांना भलत्याच ठिकाणी काढावा लागे. मेहुणीचं घर टेकडीच्या माथ्यावर होतं आणि चढाच्या पायथ्याशी, कुलूपवाल्याच्या दुकानासमोर, गाडीला धाप लागायची. मग बाबा मान खाली घालून म्हणायचे, “उतरा.” आई आणि मुलगी पिशव्या घेऊन उतरायच्या, पायी चढायच्या, आणि गाडी एकट्या बाबांना घेऊन कशीबशी माथा गाठायची. कुलूपवाला दरवेळी विचारायचा, “आज कोण कुणाला नेतंय?”

हे हसण्यावारी चाललं होतं, तोवर आईला झटका आला. डावी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली. उलट तिला जरा जास्तच धार चढली. आई चाकाच्या खुर्चीत बसली आणि तिची थोरली बहीण माथ्यावरच राहिली, कारण तिच्या गुडघ्यांनी तिला केव्हाच घरी बसवलं होतं. दोघी फोनवर बोलायच्या, कडकडून भांडायच्या, आणि फोन ठेवला की आई कितीतरी वेळ भिंतीकडे बघत राहायची. भाड्याची गाडी आणतो म्हटलं तर ती उसळली.

“परक्या माणसासमोर मला पोत्यासारखं उचललेलं चालायचं नाही. गेले तर आपल्या गाडीतून. नाहीतर आहेच फोन.”

आपल्या गाडीतून! बाबांना ते फार लागलं. जगाला पोहोचवलं आणि घरच्या माणसाला टेकडीवर नेता येईना.

मुलीला घरात ठिणगी म्हणत, कारण रांगत्या वयात तिनं आईच्या केसांचा आकडा प्लगच्या भोकात घातला होता. आता ती कारखान्यात लेथवर होती. एका रविवारी तिनं शंखासारखं गुंडाळलेलं एक बोजड धूड आणून गॅरेजमधल्या बाकावर ठेवलं.

“टर्बो आहे,” ती म्हणाली. “एका मोडीतल्या गाडीचा. आपल्या गाडीला तसाच बसणार नाही. जोडायचे पाइप, पट्ट्या, सगळं मी बनवणार.”

“म्हातारीला नवी कवळी,” बाबा म्हणाले.

“बाबा, बोट लावून बघा.”

आत तळहातात मावेल एवढं पातं होतं. बाबांनी नखानं हलकेच टिचकी मारली. पातं फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. आवाज नाही, खरखर नाही.

“इंजिन धूर फेकतं ना, त्याच्या जोरावर हे फिरतं,” ठिणगी म्हणाली. “याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं पातं आहे. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. फार कोंबायची नाही, इंजिनाचं वय झालंय.”

“म्हणजे गाडी आपल्याच धुरावर पळणार?”

“चढणार. आणि हे पातं मिनिटाला लाखभर गिरक्या घेईल.”

बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “मग दांडा झिजत कसा नाही?”

“तो लोखंडाला शिवतच नाही. तेलावर तरंगतो. केसाहून पातळ थर असतो तेलाचा.”

आयुष्यभर ज्या धुराला बाबांनी नाक दाबून शिव्या घातल्या, तो असा कामाचा निघावा! आणि लाख गिरक्या, त्याही अधांतरी! त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग उगाच आणखी एकदा मारली. जेवायला बोलावलं तरी ते बाकापासून हलेनात.

पुढचे कित्येक रविवार गॅरेजमध्ये गेले. आई दारात खुर्ची लावून बसायची. उघडं काही दिसलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. तिच्या राज्यात साधा पाण्याचा ग्लासही कधी उघडा राहिला नव्हता.

“अगं, एवढी तोंडं उघडी टाकलीस, धूळ जाईल ना आत!”

“जाऊन चालणारच नाही, आई. एक कण गेला तरी खेळ खल्लास.”

झालं! आईनं जुन्या छत्रीचं काळं कापड मागवलं आणि एका हातानं, कापड मांडीखाली दाबून, प्रत्येक पाइपाच्या तोंडाला इलॅस्टिकची टोपी शिवली. टाके वाकडेतिकडे होते, पण टोप्या चपखल बसल्या. ज्या पाइपाची टोपी निघेल ती परत तिच्या मांडीवरच्या डब्यात आली पाहिजे, हा तिचा कायदा.

शेवटच्या दिवशी ठिणगीनं बाबांना एक काम दिलं. टर्बोच्या पोटातून तेल परत खाली आणणारी रबरी नळी तेवढी चढवायची आणि पट्टी आवळायची. बाबांनी ते काम गाडीखाली आडवं होऊन, जीभ दातात धरून, चष्मा न लावता केलं.

“तुमचा चष्मा?” आईनं विचारलं.

“हात आंधळे नाहीत माझे.”

मग ठिणगीनं इंजिनाच्या प्लगच्या तारा काढल्या, नळीचं खालचं टोक एका डब्यात सोडलं आणि म्हणाली, “इंजिन पेटवायचं नाही, नुसतं स्टार्टरवर फिरवायचं. टर्बोतून तेल डब्यात आलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच पेटवायचं.”

बाबांनी चावी फिरवली. इंजिन कण्हलं. डबा कोरडा. थांबून पुन्हा फिरवली. डबा कोरडाच.

“असेल गं तेल आत,” बाबा म्हणाले. त्यांचा धीर सुटत चालला होता. “एवढी वर्षं गाड्या हाकल्या मी. लाव तारा, होऊन जाऊ दे.”

“दांडा एकच आहे, बाबा. हा गेला की सगळं गेलं.”

बाबांनी सुस्कारा टाकला. आई मांडीवरच्या डब्यातल्या टोप्या चाळत होती. तिनं त्या पुन्हा एकदा चाळल्या.

“अहो,” ती म्हणाली, “एक टोपी आली नाही परत.”

ठिणगी गाडीखाली सरपटली. पट्टी सैल केली, नळी ओढली, आणि काळ्या रबराच्या आत काळी टोपी, टर्बोच्या तोंडावर घट्ट बसलेली! टोपी उपटली तसं मागे तुंबलेलं तेल तिच्या मनगटावरून ओघळलं. इंजिन पेटवलं असतं तर ते सील फाडून धुराच्या वाटेनं बाहेर पडलं असतं.

बाबांनी ती तेलकट टोपी हातात घेतली. “माझ्या हातानं,” ते म्हणाले. “मीच घालवली असती.”

“घालवली नाहीत ना?” आई म्हणाली. “आणा ती टोपी इकडे. आणि चष्मा लावा आधी.”

नळी चढवून पुन्हा फिरवलं तेव्हा डब्यात सोनेरी धार पडली. बाबांना ती जिवंत वाटली. त्यांनी तिच्याखाली बोट धरलं.

नळी कायमच्या जागी जोडून, तारा लावून गाडी पेटवली तेव्हा आधी नेहमीचीच घरघर आली. ठिणगीनं हळूच पाय दाबला. घरघरीच्या वर एक बारीक, उंच शीळ उठली आणि चढत गेली. बाबांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढासा तो दांडा आत कशालाही न शिवता फिरत होता, हे माहीत असूनही त्यांना खरं वाटेना. त्यांनी नकळत हात जोडले आणि मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. आई बघत होती.

गाडी चांगली तावूनसुलाखून घेतल्यावर एका सकाळी दोघांनी आईला पुढच्या सीटवर बसवलं. चढाच्या पायथ्याशी कुलूपवाला दुकानातून बाहेर आला. बाबांचा पाय सवयीनं ब्रेककडे गेला, “उत...” इतका शब्द तोंडातून निसटलाही. मागे ठिणगीनं, वजन कमी करावं म्हणून, दाराला हात घातला.

“दार लाव,” आई म्हणाली. “कुणी उतरायचं नाही.”

बाबांनी पाय दाबला. गाडी कण्हली, दचकली, आणि मग शीळ उठली. पाठीला मागून कुणी हात लावावा तशी सीट पुढे आली. कुलूपवाल्याचा आ वासलेला चेहरा मागे गेला. जिथं पिशव्या टेकून दम घ्यायचा तो कठडा गेला, ते वळण गेलं. आईनं उजवा हात पुढे करून डॅशबोर्डवर पालथा ठेवला आणि तशीच, गाडीची थरथर हातात घेत, वरपर्यंत आली.

माथ्यावर फाटकाशी बहीण काठी टेकून उभी होती. बाबांनी हँडब्रेक ओढला. आरशात बघितलं, घसा साफ केला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत, योग्य ठिकाणी, मान वर करून म्हणाले,

“उतरा!”

आई हलली नाही. तिचे डोळे भरून वाहत होते.

“नाही उतरत,” ती म्हणाली. “इथवर बसून कधी आलेच नव्हते मी. जरा बसू द्या.” मग काच खाली करून तिनं हाक मारली, “अक्का, तूच ये गं आत.”

ठिणगीनं मागचं दार उघडलं. अक्का काठी टेकत एकेक पाऊल टाकत आली आणि गाडीत बसली.