पांढऱ्या सुतळीच्या ओळी

बुरशीवालीने रोप उपटलं आणि मुळांवरची माती झटकली. मुळं स्वच्छ होती. पांढरी, मोकळी, औषधाला म्हणून एक गाठ नाही. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. पण हे रोप पांढऱ्या सुतळीच्या ओळीतलं होतं. या ओळींना काहीच द्यायचं नव्हतं; यांची मुळं गाठींनी भरायला हवी होती.

संशोधन केंद्रात तिला सगळे बुरशीवालीच म्हणत. तोंडावर हसून, पाठीमागे जास्त हसून. सहा वर्षं ती एकाच बुरशीच्या मागे होती. मातीत डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. ते मुळांत घुसतात, मुळांना गाठी येतात, झाड उभ्या उभ्या सुकतं. तिची बुरशी या किड्यांची अंडी खाते. विष नाही, काही नाही, एक जीव दुसऱ्या जिवाला खातो, बस. यंदा टोमॅटोच्या चोवीस ओळी होत्या. बारा हिरव्या सुतळीच्या, त्यांना बुरशीचं पाणी. बारा पांढऱ्या, त्या तशाच सोडलेल्या. फरक दिसला तर बुरशी राहणार, नाहीतर बुरशी ठेवलेला फ्रीजमधला तिचा कप्पा रिकामा करायचा, असं केंद्राच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं.

साहेबांनी एक हिरव्या ओळीतलं नि एक पांढऱ्या ओळीतलं, अशी दोन रोपं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"दाखव फरक."

"नाही दिसत."

"मग झालं तर! तुझी बुरशी घातली काय नि न घातली काय. सोमवारी कप्पा मोकळा कर."

"पण लावणीआधी माती मी तपासलीय, साहेब. चोवीसही ओळींत किडे वळवळत होते. ते गेले कुठे?"

"हवापालटाला गेले असतील," साहेब म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. पांढऱ्या ओळींच्या मातीतून किड्यांची अंडी गाळून काढली आणि भिंगाखाली धरली. अंड्यांच्या आत बुरशीचे धागे माजले होते. तिचीच बुरशी, ती तिने डोळे मिटूनही ओळखली असती. पांढऱ्या ओळींपर्यंत तिला कुणी नेलं? बादली एकाच माणसाच्या हातात असायची.

मावशी शेडमध्ये टोपल्या धूत होत्या. अकरा वर्षं त्या या शेतावर राबत होत्या.

"मावशी, पांढऱ्या ओळींना तुम्ही काय घातलंत?"

"उरलेलं," मावशी सरळ म्हणाल्या. "तुम्ही म्हणायचात, उरलेलं खड्ड्यात ओता. जिवंत औषध म्हणता नि खड्ड्यात ओता म्हणता! मी त्यात दुप्पट पाणी घालायचे आणि पांढऱ्यांना वाटायचे."

"पण का?"

"का म्हणजे? एका खाटेवर दोन आजारी लेकरं, एकाला डोस द्यायचा नि दुसऱ्याचं तोंड बघत बसायचं? त्या रोपांनी कुणाचं घोडं मारलं होतं?"

बुरशीवालीच्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं मातीत घातलीत माझी, हे शब्द अगदी ओठांवर आले. पण तिथेच अडकले. पांढरी सुतळी कशासाठी, हे मावशींना कधी कुणी सांगितलं होतं? तिने सांगितलं होतं ते एवढंच: पांढऱ्यांना नको. हुकूम. शिकलेल्या माणसाला वाटतं, ज्याच्या हातात बादली त्याला डोकं नसतं. मग ते डोकं आपलं आपण चालतं, तेव्हा हाच शिकलेला माणूस बोंबलतो. आपणही त्याच जातकुळीचे निघालो, हे तिला आवडलं नाही.

तिने एक टोपली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मावशींनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे ती मरायलाच लावली होती?"

"हो."

"मग आधी बोलायचं ना! मला काय स्वप्न पडणार होतं?" त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "एक ओळ राहिलीय, ताई. भिंतीकडची, शेवटची. तिथवर जाईतो बादली रिकामी व्हायची. दर वेळी. मी मान फिरवून यायचे."

दोघी धावल्याच. पहिलं रोप उपटलं. मुळं सुजलेल्या बोटांसारखी, गाठीवर गाठ. दुसरं तसंच. अख्खी ओळ तशीच.

साहेबांनी ती मुळं उलटसुलट करून पाहिली. "एका ओळीने काही सिद्ध होत नाही."

"माहीत आहे. म्हणून अहवालात प्रयोग रद्द लिहिलाय. फसला असं लिहिलेलं नाही."

"आणि घोळ घालणाऱ्या त्या बाईचं नाव कुठाय? उद्यापासून घरी बसव तिला."

"चूक माझी लिहिलीय. पांढऱ्या ओळी बुरशीविना का ठेवायच्या, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं."

"तुझ्या नावाला डाग लागेल."

"लागू दे. पण साहेब, त्या उरलेल्या औषधात दुप्पट साधं पाणी होतं. एवढं पातळ होऊनही अकरा ओळी वाचल्या. इतक्या कमी बुरशीत भागतं, हे सहा वर्षांत माझ्या टाळक्यात आलं नव्हतं."

साहेब बराच वेळ मुळाच्या गाठी दाबत बसले. "एक हंगाम," ते शेवटी म्हणाले. "जास्त नाही."

पुढच्या लावणीला सुतळ्या मावशींनीच बांधल्या. हिरव्या ओळींना बुरशीचं पाणी घालून झालं. बादलीत चार डबे पाणी उरलं होतं.

"हे?" मावशींनी विचारलं.

"खड्ड्यात, मावशी."

मावशींनी बादली खड्ड्यात उपडी केली. परत येताना त्यांनी मान फिरवली नाही. पांढऱ्या ओळींमधून, एकेका रोपाकडे बघत, सावकाश चालत आल्या.