अर्ध्यावर अंधार

“ही आल्यापासून बॅटरी टिकत नाही बघा.”

सासूबाई सासऱ्यांना हे म्हणाल्या, तेही आवाज खाली करून. पण ज्यांनी हे ऐकायला नको होतं, ती दोघंही तिथेच होती. एक नवी सून, जिन्याच्या वळणावर, वाळलेल्या कपड्यांचा ढीग हनुवटीने दाबून धरलेली. आणि दुसरा मी. ती निदान दोन पायऱ्या मागे तरी सरकली. मी कुठे जाणार? मला भिंतीला स्क्रूने आवळलेलं आहे.

मी या घरातला बॅटरी मॉनिटर बोलतोय. तळहाताएवढा काळा चौकोन, मधोमध हिरवट आकडा. जिन्याखाली बॅटऱ्या, त्यांच्यावर मी, समोर स्वयंपाकघराचं दार. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं आणि कुणी मला विचारात घेत नाही. नव्या सुनेचंही तसंच असतं. म्हणून असेल, आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

कारखान्यातून मी अगदी कोरा आलो. मला बॅटरीच्या पोटात डोकावता येत नाही. दारावर बसून आत-बाहेर करणारी माणसं मोजावीत, तसं माझं काम. दिवसा छतावरच्या सौर पॅनलांतून वीज बॅटरीत येते, संध्याकाळनंतर ती घर वापरतं. किती आली, किती गेली, हे मी चोख मोजतो. पण बॅटरीत मुळात मावतं किती, ते मला कुणीतरी सांगावं लागतं. ते धरून मी शंभरातले किती उरले ते दाखवतो.

सुरुवातीला दोन बॅटऱ्या होत्या. पॅनल बसवणाऱ्या माणसाने मला दीडशे हा आकडा सांगितला आणि माझे दिवस सुखाचे गेले. मग घरात लग्न ठरलं.

बाबा, म्हणजे सासरे, जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. सोबत आलेली पुस्तिका उघडणं त्यांना कमीपणाचं वाटतं. “ज्याला हात नाहीत त्याने वाचावं,” म्हणतात. लग्नाआधी त्यांनी आणखी दोन बॅटऱ्या आणि त्यांना साजेसा इन्व्हर्टर आणला. आई म्हणाल्या, “अहो, एवढं कशाला? आपलं भागतंय की.” बाबा गुडघ्यावर बसून तार सोलत होते. “पोरगी नव्या घरात येणार. पहिल्याच आठवड्यात अंधारात चाचपडायला लावायचं का तिला?”

चारही बॅटऱ्या त्यांनी एकामागोमाग जोडल्या. काम देखणं झालं, एक तार वाकडी नाही. मग माझ्याकडे वळले. “बॅटऱ्या दुप्पट, आकडाही दुप्पट,” असं गुणगुणत त्यांनी माझ्यात तीनशे भरले. मी बापडा तीनशे धरून चाललो.

तेव्हापासून घर माझ्या शब्दावर चालू लागलं. संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून विचारायच्या, “काय म्हणतोय रे तो?” मुलगा वाकून बघायचा, “सत्तर म्हणतोय.” “मग गिझर लाव. टीव्हीही राहू दे चालू.” आणि जेवणं व्हायच्या आत सगळं घर गुडुप. माझा आकडा मात्र पन्नासच्या वर तोऱ्यात. अंधारात पहिला शब्द बाबांचा, “हा बघा, अर्धी आहे म्हणतोय!” मग सगळ्यांच्या माना जरा सुनेच्या शिलाई मशीनकडे वळायच्या.

ते विजेवरचं मशीन ती माहेरून घेऊन आली होती. दुपारी त्याची टरटर सुरू झाली की मला बरं वाटे. घरात कुणीतरी आपल्या मनाचं काही करतंय, असा तो आवाज. जिन्यावरून ते वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिने मशीनवर चादर टाकली. नवऱ्याने विचारलं, “का गं, शिवत नाहीस?”

“दोरा संपलाय.”

ड्रॉवरभर रिळं होती. त्याने ड्रॉवर उघडून पाहिला नाही. नवरे ड्रॉवर उघडत नाहीत, हे माझं नव्हे, तिचं निरीक्षण. तारा पुसताना ती माझ्यापाशी असं काहीबाही पुटपुटते.

मशीन बंद झालं, तरी अंधार काही थांबला नाही. आता ती रोज माझ्यासमोर उभी राहू लागली. हातात झाडू, म्हणजे कुणी विचारायला नको. एकदा अगदी जवळ येऊन म्हणाली, “खोटं बोलणारा रोज नवीन काहीतरी सांगतो. तू रोज एकच सांगतोस. दर वेळी अर्ध्यावरच. तू खोटारडा नाहीस रे. तुला कुणीतरी चुकीचं शिकवलंय.”

इतक्या वर्षांत माझी बाजू कुणी घेतली नव्हती.

तिने खोक्यातून पुस्तिका काढली. तारांवरून बोट फिरवलं, बॅटरीवर छापलेला आकडा वाचला, माझी बटणं दाबून माझ्या पोटातला आकडा पाहिला. आणि डोक्याला हात लावून जिन्यावर बसली. चूक सापडली होती, पण चूक बाबांची होती. सांगावं तर त्यांचा मान जातो, न सांगावं तर हिचा. पुस्तिका तिने परत खोक्यात ठेवली.

परवा सकाळी बाबा पेचकस घेऊन आले. “काढतोच याला. बिघडलेलं यंत्र भिंतीवर ठेवणं मला नाही बघवत.” एक स्क्रू सुटला. मी तिरका झालो.

“आणि नवा आणला नि त्यानेही असंच केलं तर?” आई म्हणाल्या. चादर घातलेल्या मशीनकडे त्यांनी पाहिलं नाही, पण न पाहण्याचीही एक तऱ्हा असते.

“बाबा, थांबा.” ती स्वयंपाकघराच्या दारात होती. आवाज इतका बारीक, की बाबांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. “घड्याळ चांगलंय, बाबा. फक्त चुकीच्या वेळेला लावलंय.”

बाबांचा हात थांबला. ही भाषा त्यांची होती.

ती शेजारी बसली. “बॅटऱ्या एकामागोमाग जोडल्या ना, की जोर वाढतो. हा आकडा मात्र दीडशेच राहतो, म्हणून मॉनिटर अर्धी म्हणतो तेव्हा ती संपलेली असते. शेजारी-शेजारी जोडल्या असत्या तर तीनशे झाला असता. पुस्तिकेत आहे. मला हात आहेत, तरी वाचली.”

बाबांनी पुस्तिका घेतली, चष्मा वर सरकवला, ओळींवर बोट ठेवून वाचलं. मग एकदम हसले. “म्हणजे बिघडलेलं नाहीच! लावायला चुकलं!” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यात दीडशे भरले, ती एकेक बटण सांगत गेली तसे. सुटलेला स्क्रू पुन्हा आवळला.

त्या संध्याकाळी मी कसलाही आडपडदा न ठेवता तीस म्हणालो. आई गिझरच्या बटणापर्यंत गेल्या, मला पाहिलं आणि “उद्या दुपारी तापवू, उन्हाच्या विजेवर,” असं स्वतःशीच म्हणत परतल्या. जेवणं उजेडात झाली. ताटं उचलताना आई तिला म्हणाल्या, “अगं, आधीच का नाही बोललीस?”

आता मी सरळ आहे, खरा आहे, आणि माझं काही मागणं असलंच तर इतकंच, की मला काही भरवण्याआधी वाचत जा. बाकीचं तिनेच सांगितलं. ताटं खाली ठेवून, आईंकडे बघत, जरा हसून, घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“तुम्ही म्हणालात ते खरंच होतं, आई. मी आल्यापासूनच बॅटरी टिकत नव्हती. बाबांनी माझ्यासाठी दोन जास्तीच्या आणल्या नसत्या, तर आकडा चुकलाच नसता. उद्या दुपारी मशीन लावू ना?”