गोड घाम

"फुटला! फुटला! आईला घाम फुटला!"

उंबरमाथ्याच्या विहिरीवर एकच कल्ला झाला. ढोल घुमला, तारपा किंचाळला, बाया भुईवर आडव्या झाल्या. विहिरीच्या कठड्याला लागून हिरव्या जाळीचा मांडव, मांडवात चौरंग आणि चौरंगावर पितळेचा भला मोठा मुखवटा. ही घामेश्वरी आई. तिच्या कपाळावर बारीक बारीक थेंब उमटले, फुगले, एकमेकांत मिसळले आणि नाकावरून ओघळून हनुवटीला लटकले. बाहेर सूर्य असा तापलेला, की उघड्यावर ठेवलेल्या हंड्याला हात लावला तर चामडी सोलून निघावी. आणि इथे पितळ घामेजत होतं!

"बघा रे पापी लोकांनो!" शीतलनाथ महाराजांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या दंडावर चांगलं मऊ मांस होतं. "आई सूर्यनारायणाशी कुस्ती खेळतेय तुमच्यासाठी! तुमच्या पापाचा ताप तिनं अंगावर घेतलाय! हा एकेक थेंब म्हणजे वरती एकेक ढगाची नोंदणी! बोलो घामेश्वरी माता की..."

"जय!"

मग महाराज कापसाच्या बोळ्यानं तो घाम टिपायचे आणि एकेकाच्या जिभेवर टेकवायचे. डोळे मिटून लोक तो घाम गिळायचे.

सूर्यमाळच्या पलीकडे, डोंगराच्या पाठीवर हा पाडा. विहीर शिमग्यालाच आटते. मग टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि निघून जातो. आधी टँकरचा पाइप विहिरीत पडायच्या आत बायांचे पोहरे पडायचे. भांडणं व्हायची, झिंज्या उपटल्या जायच्या, पण पाणी मिळायचं. आता महाराजांनी शिस्त लावली होती. टँकरनं ओतलेलं पाणी आईचं. आईला घाम फुटेपर्यंत पोहरा टाकायचा नाही आणि बायांनी पाण्याच्या थेंबाला तोंड लावायचं नाही. घाम फुटला की पहिला हंडा आईच्या काळ्या टाकीत, मग उरेल ते आपल्या घरी. टाकीतलं पाणी जीपमधून खाली जायचं आणि बाटल्यांत भरून जव्हारच्या बाजारात तीर्थ म्हणून विकलं जायचं. उंबरमाथ्याची माणसं तहानेनं जीभ बाहेर काढून उभी आणि त्यांचंच गढूळ पाणी बाजारात पवित्र झालेलं!

या सगळ्या गर्दीत भुईवर आडवी न होणारी एकच बाई होती. हिरी. साठीची, काटकुळी, तोंडानं फटकळ. ती मांडवाच्या खांबाला टेकून तंबाखू मळत उभी राहायची. मानेला हिसका देत म्हणायची, "तुमच्या आईच्या अंगाला बोंबलाचा वास येतो."

"मावशी, तोंड सांभाळ," पोश्या म्हणायचा. हा पाड्यातला टवाळखोर, तोसुद्धा आता गळ्यात भगवा पंचा घालून फिरत होता.

"मी सांभाळते, तू नाक सांभाळ. जीपमधून थर्माकोलच्या पेट्या उतरतात, त्यात कय असतं?"

"फुलं! आईच्या शृंगाराची!"

"बोंबलाची फुलं," हिरी पचकन थुंकली.

हिरीचा मुलगा जगन आईचा मुख्य ढोलकरी. पावसाळा संपला की वीटभट्टीवर, नाक्यावर, मिळेल त्या कामावर ठाण्याला जाणारा हा माणूस. आयुष्यात कुणी त्याला 'अहो' म्हणालं नव्हतं. महाराज त्याला "जगनजी" म्हणाले आणि तो विकला गेला. शृंगाराच्या वेळी महाराज मांडवाचा पडदा ओढून आत जायचे, तेव्हा बाहेर जगन असा काही ढोल बडवायचा, की आत कुणी खोके फोडले असते तरी ऐकू आलं नसतं. ढोल कशासाठी बडवायचा असतो, हे त्यानं कधी विचारलं नाही. मान मिळालेला माणूस प्रश्न विचारत नाही.

आणि जगनची बायको सपना. अंगावर पिणारं पोर, पोराला पुरेल एवढं दूध नाही. हातपंप कोरडा, म्हणून दरीतल्या झऱ्यावर जाऊन वाट्या वाट्यांनी हंडा भरायचा, तो डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा, आणि घरी आल्यावर त्या हंड्याकडे नुसतं बघायचं. प्यायचं नाही. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "बेटी, विहिरीला पाझर फुटेल त्या दिवशी तुला पान्हा फुटेल. तू जितकी कोरडी राहशील, तितकी आई ओली होईल."

पाणी न प्यायल्यानं दूध आटतं, आणि दूध यावं म्हणून पाणी सोडायचं! हा फास ज्यानं विणला, त्याला आपण महाराज म्हणतो.

त्या मंगळवारी सकाळी हिरीनं नागलीची पेज वाटीत ओतून सपनापुढे ढकलली.

"पी गं बाय. दोन घोट."

"नको आत्या. महाराज बोलले, नेम मोडला तर पान्हा येणारच नाय."

"महाराजाला कवा फुटलेला पान्हा, त्याला कळायला?"

सपनाच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं, पण हसताना ओठातून रक्त आलं. पोर तिच्या छातीला तोंड घासत होतं, चिडून सोडत होतं, पुन्हा घासत होतं. "आज शेवटचं, आत्या. आज आईला लय घाम फुटणार हाय, असं हे बोललेत."

हिरी उठली. पेजेची वाटी तिनं सपनाच्या हातात कोंबली आणि सपनानं ती तशीच खाली ठेवली. धरून, तोंड दाबून पाजावी असं हिरीच्या मनात आलं. पण जगन दारातच उभा होता. "आये, तुझ्यामुळं आईचा कोप झाला तर मी जबाबदार नाय," म्हणाला. आणि सपना डोक्यावर हंडा घेऊन मांडवाकडे गेली.

उन्हात गर्दी वाढत होती. टँकर ओतून गेला होता, विहिरीच्या तळाशी पाणी चमकत होतं आणि कठड्यापाशी बाया रांगेत बसल्या होत्या. डोळ्यांसमोर पाणी आणि तोंडात धूळ. पडदा ओढलेला. आत महाराज, बाहेर जगनचा ढोल.

"मावशी, आज तरी घे प्रसाद," पोश्या हिरीजवळ सरकला. "गोड लागतो, देवाशप्पथ. साखरेवानी."

"कय गोड लागतं?"

"आईचा घाम."

हिरीचं तंबाखू मळणं थांबलं. घाट फोडून रस्ता काढला तेव्हा तिनं दगड फोडले होते. डोक्यावर खडीची पाटी असताना वरच्या ओठावरचा घाम जिभेनंच पुसावा लागतो. तसा तिनं जन्मभर पुसला होता. तो कधी गोड लागला नव्हता.

तेवढ्यात पडदा उघडला. आईच्या कपाळावर थेंब. कल्ला, ढोल, तारपा. आणि रांगेतून सपना उठली, दोन पावलं वाकडी टाकली आणि धाडकन पडली.

ती हातपाय झाडायला लागली. डोळे वर गेले. तोंडातून काहीतरी अर्धवट शब्द. "दूध... वर... सांडलं... सांडलं..."

"आली! आली! अंगात आली!"

महाराजांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. या धंद्यातल्या माणसाला एक क्षण पुरतो. "आईनं हिचं अंग निवडलं!" ते गरजले. "आई मूर्तीतून माणसात उतरली! वाजवा! ऊद जाळा! हळद आणा!"

मग जे झालं ते लिहितानाही लाज वाटते. तापलेल्या भुईवर पडलेल्या त्या बाईभोवती माणसांनी कडं केलं. वारा अडला. सकूनं, शेजारच्या सख्ख्या मैत्रिणीनं, तिच्या तोंडावर उदाचा धूर धरला. कुणी घोंगडं टाकलं, कुणी पाय धरून विचारलं, "आई, पाऊस कवा गं?" आणि नवरा ढोल बडवत होता. घामानं निथळत, अभिमानानं बेभान होऊन बडवत होता.

हिरी कोपरानं माणसं सारत आत घुसली. तिनं सपनाच्या गळ्याला हात लावला. तव्यासारखा गळा. आणि कोरडा. काखेत हात घातला. कोरडी ठाक.

"जगन! हिला घाम नाय! हात लावून बघ, हिच्या अंगावर थेंब नाय!"

"घाम आईनं घेतला तिचा!" महाराज ओरडले. "भक्ताचा घाम देवीच्या कपाळी! बोलो..."

"जय!"

हिरी उठली. तरातरा चौरंगापाशी गेली आणि कुणाला कळायच्या आत तिनं आईच्या गालावरून लांब जीभ फिरवली. गर्दी हबकली.

"सपक हाय," हिरी म्हणाली. "आन गारढोण."

"विटाळ! धरा त्या भुताळीला!"

पण तोवर हिरीनं दोन्ही कान धरून मुखवटा उपटला होता. आईचं तोंड पालथं झालं आणि पोटातून बर्फ सांडला. खळाखळा. ढेकळाएवढे, मुठीएवढे तुकडे. त्यातल्या एकाला माशाचं खवलं चिकटलेलं.

ढोल थांबला. सगळं थांबलं.

"बर्फ घेऊन या रे!" हिरी किंचाळली. "तिच्या गळ्याला लावा, काखेत ठेवा! जगन, बर्फ!"

आणि मग गर्दी धावली. पण सपनाकडे नाही. बर्फाकडे. ज्यांच्या घशाखाली पहाटेपासून थेंब गेला नव्हता, ती माणसं चौरंगाखाली लोळली. बर्फ तोंडात कोंबला, पदरात बांधला, पोरांच्या तोंडात घातला, एकमेकांच्या हातातून ओढला. पोश्यानं खवलासकट तुकडा चोखला. जगन त्या ढिगात घुसला, तुडवला गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या मुठीत फक्त पाणी होतं. बाकीच्या पेट्या कुठे होत्या? जीपमध्ये. आणि पाड्यातलं एकमेव वाहन कुठलं? तीच जीप. महाराज तिच्यात बसून घाट उतरू लागले होते. त्यांचा पाठलाग कुणी केला नाही. सगळ्यांचं तोंड भरलेलं होतं.

हिरीनं पोहरा विहिरीत टाकला आणि सुनेवर ओतला. पुन्हा टाकला, पुन्हा ओतला. मग बांबूला चादर बांधून झोळी केली. सडकेपर्यंत पोचायला अर्धा डोंगर उतरायचा होता. उताराच्या मध्येच झोळी जड झाली, असं खांदा देणारे सांगतात.

आता तुम्हाला वाटेल, लोकांचे डोळे उघडले असतील. डोळे एवढे स्वस्त नसतात.

माती दिली त्याच संध्याकाळी पाड्यात बोलणं सुरू झालं. हिरीनं आईचं तोंड उपटलं, म्हणून सून गेली. अंगात आलेली देवी अर्ध्यावर कोपली. हिरीच भुताळी. बर्फ? अहो, मे महिन्यात आईच्या पोटात बर्फ होणं हाच केवढा चमत्कार! दहाव्यापर्यंत ठरलंसुद्धा, की पाड्यातले चारजण जाऊन महाराजांचे पाय धरायचे, त्यांना परत आणायचं आणि हिरीला पाड्याबाहेर काढायचं. जगन त्या बैठकीत बसला होता.

हिरीनं वाद घातला नाही. दहाव्याला तिनं सगळ्यांना विहिरीवर बोलावलं. दहाव्याला नाही कसं म्हणणार? सगळे आले. तोच मांडव, तोच चौरंग, तोच मुखवटा, पण राखेनं घासून लख्ख केलेला. शेजारी उपकेंद्रातल्या जयश्री सिस्टर उभ्या होत्या. हिरीनं त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, "पोरांच्या सुईच्या डब्यातला बर्फ घेऊन ये" म्हणून.

सिस्टरनी लसींचा डबा उघडला, बर्फाच्या पट्ट्या काढल्या. पडदा नाही, ढोल नाही. हिरीनं सगळ्यांसमोर त्या मुखवट्यात भरल्या आणि मुखवटा चौरंगावर उभा केला. लोक बघत राहिले. थोड्या वेळानं आईच्या कपाळावर थेंब आले. फुगले. ओघळले.

सकूचे हात सवयीनं जोडले गेले. हिरीनं ते खाली दाबले.

"हवेत पाणी असतं, डोळ्याला दिसत नाही," सिस्टर म्हणाल्या. "गार पितळ लागलं की त्याचे थेंब होतात. थंड्याची बाटली पेटीतून काढली की बाहेरून ओली होते, ती काय देवी झाली? आणि सपनाच्या अंगात काही आलं नव्हतं. अंगातलं पाणी संपत गेलं, वर हे ऊन. घाम बंद झाला, अंग तापत गेलं आणि ताप मेंदूत चढला. बरळणं, झटके, हे उष्माघाताचं असतं. सावलीत नेऊन, अंग ओलं करून, वारा घालायचा होता तिला. तुम्ही उदाचा धूर घातलात."



"आथा माझं ऐका," हिरी म्हणाली. "आपापला हात चाटा."

"मावशी..."

"चाट, पोश्या."

पोश्यानं मनगट चाटलं. मग एकेकानं चाटलं. उन्हात उभी ती सगळी माणसं आपापला हात चाटत होती, आणि हसायला कुणाला आलं नाही.

"कसा लागतो?"

"खारट."

"आथा हिचा गाल चाटा."

एकेक जण पुढे झाला. शेवटी जगन. त्यानं मुखवट्याला जीभ लावली आणि तिथेच गुडघ्यावर बसला.

"बोल," हिरी म्हणाली. "घाम तुम्हाला ठाऊक नव्हता कय? जन्मभर दुसरं कय गाळलंत तुम्ही? रोज तो जिभेवर टेकवत होता, तुम्ही गिळत होता, गोड हाय गोड हाय बोलत होता. घाम कधी गोड असतो कय, एवढं एकालाही इचारावंसं नाय वाटलं? मीसुद्धा उशिराच चाटला. मला भुताळी बोला, पाड्याबाहेर काढा. पण उद्या दुसरा कोणी येईल. घाम दाखवील, रगत दाखवील, मूर्तीला दूध पाजील. त्याचा पडदा आधी उघडा. हात लावून बघा, चाटून बघा. तो हात लावू देत नसंल तर तिथंच समजा. आन तहान लागली तर पाणी प्या. त्याला कुणाला इचारायचं नाय."

तिनं पोहरा विहिरीत सोडला. वर काढला आणि सगळ्यांच्या देखत ओंजळीनं प्याली. मग पोहरा सकूपुढे धरला. सपनाचं पोर आता सकूच्या अंगावर पीत होतं. सकू घटाघट प्याली.

जगन अजून गुडघ्यावर होता. गालांवरून ओघळलेलं त्याच्या ओठापर्यंत आलं होतं.

"आये," तो म्हणाला, "हे पण खारटच लागतं."

"लागणारच," हिरी म्हणाली. "तिचं अंग सुकलं, तवा ढोल कोण बडवत होतं, ते सांग आथा सगळ्यांना. मोठ्यानं सांग."