गाढवाने विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी गाढव आहे. हसलात ना? हसा, मला त्याची सवय आहे. पण मी गवत खाणारं गाढव नाही. मी हातात घालून नाचवायचं, आता पार जुनं झालेलं गाढव आहे. माझं डोकं कागदाच्या लगद्याचं, आतून पोकळ. माझ्या डोक्यात जे काही येतं, ते कुणाच्या तरी बोटावरून येतं.

हे डोकं घडवलं मावशीनं. ती बाहुल्यांचे खेळ करायची आणि गल्लीतली सगळी मुलं तिला मावशीच म्हणायची. अंगरखा आणि कान मात्र समोरच्या शिंपीआजोबांनी शिवले. कानांना त्यांनी एका जुन्या कोटाचं मखमली अस्तर लावलं. गाढवाला कशाला हो मखमल, असं मावशीनं विचारलं. "पोरांचं ऐकायचंय त्याला," आजोबा म्हणाले, "कान मऊच हवेत." त्यांची नात चिमणी तेव्हा पाळण्यात होती.

आमचा खेळ होता विहिरीवरच्या हत्तीचा. झूल पांघरलेला हत्ती थेट विहिरीच्या तोंडावर बसतो आणि बाकी प्राण्यांचे घसे कोरडे पडतात. शेवटी सगळे मिळून त्याला हुसकावतात. लाथ अर्थातच माझी. मग दाढीवाला बोकड राखणदार होतो आणि सगळ्यांना पाणी मिळू लागतं. पण एका गार संध्याकाळी बोकड हत्तीची मागं राहिलेली झूल अंगावर घेतो. थंडीपुरतीच, म्हणतो. आणि विहिरीच्या काठावर जरासा टेकतो. तिथं मी मुलांकडे वळून विचारायचो, "मला मेल्याला काही कळत नाही. तुम्हीच सांगा, आता काय करू?" कुणी म्हणे झूल ओढ, कुणी म्हणे दुसरी विहीर खण, आणि एक जाडू दर खेळाला म्हणे, आधी जेवून घे. मुलं सांगतील तसा मावशी खेळ संपवायची.

मोठी माणसंही मागं उभी राहून हा खेळ बघायची. कारण खऱ्या विहिरीवरही तेव्हा एक हत्ती बसलेला होता. मग एके दिवशी लोक रस्त्यावर उतरले आणि तो हत्ती पळाला. मिरवणुकीत मावशीनं मला हातात घालून उंच धरलं. लोक मला बघून टाळ्या वाजवत होते. चिमणी आजोबांच्या खांद्यावर बसून माझे कान ओढत होती. तेवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

नवे राज्यकर्ते आले आणि काही काळानं त्यांच्या प्रचारखात्याचा साहेब मावशीच्या खोलीत आला. मृदू बोलणारा, चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा माणूस. खेळ छान आहे, म्हणाला, फक्त झुलीचा भाग आता शिळा झाला, तो काढा. गाढवाचा प्रश्न मात्र राहू द्या, मुलांना आवडतो. तेवढे शब्द बदला. त्यानं लिहून दिलेल्या नव्या शब्दांशिवाय खेळाला परवानगी नव्हती. मावशी रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी मला ब्रशने झटकता झटकता ती स्वतःशीच पुटपुटली की एकच तर प्रश्न आहे, पोरांना काय कळतंय.

शाळेच्या अंगणात खेळ लागला. हत्ती पळाला, बोकड गोड हसला आणि मी मुलांकडे वळलो. "आपल्या बोकडदादांना घरी कोण नावं ठेवतं रे? गाढवाच्या कानात सांगा."

पुढच्या रांगेतून चिमणी उठली. तिचे समोरचे दात नुकतेच पडले होते. आजोबांनीच शिवलेल्या गाढवाला सांगायला ती कशाला बिचकेल? तिनं माझा उजवा कान धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "आमचे आजोबा. ते म्हणतात, कोट जुन्या साहेबाचाच आलाय, फक्त पोटात सैल करायला सांगितलाय."

अंगण हसलं. गुरुजीसुद्धा हसले. मग एकेकाचं हसू विरलं आणि सगळे कडेला उभ्या असलेल्या साहेबाकडे बघू लागले. तो अजून हसतच होता.

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या दिवशी ते कान माझे होते, आणि ज्यानं ते शिवले त्याच्यावरच उलटले. संध्याकाळी आजोबांना घेऊन गेले. यंत्राच्या सुईखाली अर्धी बाही तशीच राहिली. ते परत आले नाहीत.

मावशीनं मला पिठाच्या रिकाम्या डब्यात कोंबलं. तिथं उंदरानं माझा डावा कान कुरतडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी जन्मात काही खाल्लं नाही, तरी मला खवखवतं.

एक दिवस चिमणीची आई मावशीकडे आली. "ताई, पोर कुणालाच उत्तर देत नाही," ती म्हणाली. "भूक लागली का विचारलं तरी ओठ मिटते. तिला वाटतं, तोंड उघडलं की घरातलं कुणीतरी जातं."

मावशीनं डबा उघडला आणि मला घेऊन समोरच्या घरी गेली. चिमणी आजोबांच्या यंत्राखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. मावशी तिच्यापुढं खाली बसली, माझ्यात हात घातला आणि मी बोललो, "चिमणे, तुझं काही चुकलं नाही गं. मी विचारायला नको होतं."

चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्या अंगरख्याखालून मावशीच्या मनगटावर गेली.

"हे गाढव बोलतंय, का तू?"

मावशीनं हात माझ्यातून ओढून काढला आणि मी जमिनीवर चपटा पडलो.

"मी," ती म्हणाली. "तेव्हाही मीच बोलत होते. प्रश्न वाईट आहे हे मला कळत होतं, बाळा. तरी विचारला."

चिमणी रडली नाही की मावशीला बिलगली नाही. तिनं मला उचललं, कुरतडलेला कान चाचपला आणि आजोबांची सुयांची डबी पुढं ओढली. "आई," ती म्हणाली, "मऊ कापड कुठंय?"

माझा डावा कान आता निळ्या सुती कापडाचा आहे. उजवा तोच, मखमली. त्यातलं ते वाक्य अजून गेलेलं नाही, ते जाऊही नये.

आता मोठी झालेली चिमणीच खेळ करते. झुलीचा भाग तिनं परत घातलाय. सुरुवातीला ती पडद्याबाहेर येते, रिकामा हात वर करून मुलांना दाखवते आणि मगच तो माझ्यात घालते.

मित्रांनो, घरातली जुनी बाहुली डब्यात कोंबू नका, तिला झटकून वाऱ्यावर ठेवा. आणि माझ्यासारखं एखादं गोड गाढव कधी म्हणालं, कानात सांग, तर आधी त्याला म्हणा, हात दाखव. मला राग येणार नाही.