चौथा ट्रॅक

आमच्या बँडचं नाव 'दगडफूल'. आई म्हणायची, "मसाल्याचं नाव कुणी बँडला ठेवतं का गं?" पण महेंद्रदादाला ते आवडलं होतं, आणि दादाला एखादी गोष्ट आवडली की कुणाचा बाप आला तरी ती बदलत नसे. तो गिटार वाजवायचा, प्रशांत ड्रम, श्रीमंत गायचा म्हणजे खरं तर किंचाळायचा, आणि कीबोर्डवर मी. अख्ख्या नगरमध्ये मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक, वाजवणारी मी एकटीच मुलगी असेन. केडगावातल्या बायका आईला विचारायच्या, "प्रज्ञाला झटके येत्यात का वो?" मग मी मुद्दाम त्यांच्या देखत जास्तच मान हलवायची.

पहिल्या कॅसेटमध्ये आम्ही फक्त पळालो होतो. सगळी गाणी चारच्या ठेक्यात, सगळी सुसाट. सत्त्याण्णव साली दुसरी करायला घेतली तोवर दादा पुण्याच्या मित्राकडे प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकून आला होता आणि त्याचं डोकं पार फिरलं होतं. आता कॅसेटच्या एका बाजूला एकच गाणं, बाजू संपेपर्यंत. आधी सात मात्रा, मग अकरा, मधेच सगळं संथ. श्रीमंतला किंचाळायची बंदी झाली, तर तो आठवडाभर रुसून बसला. मीही खूप भांडले. पण पहिल्यांदा ते सलग वाजवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि मी गप्प बसले.

आमची तालीम कोंबड्यांच्या बंद पडलेल्या शेडमध्ये चालायची. शेड बाबांनी मिळवून दिलं होतं. बाबा एसटीत कंडक्टर. ड्युटी संपली की घरी न जाता शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "गाडीच्या इंजनापरीस बरंच हाय की." पहिली कॅसेट त्यांनी डेपोतल्या ड्रायव्हरांना बसवून ऐकवली होती. बिचाऱ्यांनी ऐकलीही. लोक काही का म्हणेनात, बाबा दारात बसलेले असले की आम्हाला कुणाची भीती वाटत नसे.

नव्या अल्बमचं नाव दादाने ठेवलं 'दवंडी'. चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन त्याने मित्राकडून मागून आणलं. एकावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गाणं आणि माझा कीबोर्ड. चौथ्यावर काय आहे ते तो सांगेना. दर रविवारी जीपने पाथर्डीकडे जायचा आणि हाताला फोड घेऊन यायचा. विचारलं की हसायचा. "बाबांना ऐकवताना कळेल. खूश होतील बघ."

तो दिवस रविवारचाच होता. बाबा खुर्चीत बसले, दादाने मशीन चालू केलं. सात मात्रा गेल्या, अकरा गेल्या, बाबा पायाने ताल चुकवत हसत होते. आणि मग सगळी वाद्यं एकदम थांबली आणि एकटी हलगी कडाडली.

मी थक्क झाले. इतकं जिवंत आम्ही काही वाजवलंच नव्हतं. बाबांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुनी वाजवली?"

"मी, बाबा. शिकलो मी," दादा म्हणाला.

बाबा उठले आणि त्यांनी दादाच्या थोबाडीत मारली. बाबांनी जन्मात आमच्यावर हात उचलला नव्हता. दादा बावीस वर्षांचा घोडा, गालावर हात धरून उभा राहिला. प्रशांतच्या हातातली काठी खाली पडली.

"माझा बाप पाटलाच्या बैलाम्होरं हलगी वाजवीत चालायचा," बाबा म्हणाले. "मढ्याम्होरं, दवंडीला, बोलावतील तिथं. शिळ्या तुकड्यावर. धम्माची दीक्षा घेतली त्या दिशी त्यानं हलगी चुलीत घातली. पोळ्याला गावानं बोलावलं, त्यो गेला न्हाई. तर त्याचा उजवा हात मोडला त्यांनी. मी दहा वर्साचा हुतो, डोळ्यानं बघितलंय."

आजोबांचा हात वाकडा का, असं मी लहानपणी विचारलं होतं. बैलगाडीवरून पडले, असं आई म्हणाली होती.

"पण बाबा, आता लाज कसली?" दादाचा आवाज चिरकला. "ती आपली कला आहे. आता आपण ठणकावून वाजवायची."

"तुझी कला असंल. माझ्या बापाचा हात हुता त्यो."

ते निघून गेले. त्यानंतर शेडकडे फिरकलेच नाहीत. ड्युटीवरून सरळ घरी यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. दादा म्हणाला, बँड संपला. ती रिकामी खुर्ची बघून मला रडू यायचं आणि दोघांचा संतापही यायचा. शेवटी मी दादाच्या छातीवर बसले. म्हटलं, हलगी काढ, नाहीतर मी मशीनच फोडते. त्याने चौथ्या ट्रॅकचं बटण शून्यावर आणलं. बाकी काही बदललं नाही. बाबांना मी जवळजवळ ओढतच आणलं.

"हलगी काढलीय बाबा. एकदा ऐका फक्त."

सात मात्रा गेल्या. अकरा गेल्या. सगळी वाद्यं थांबली आणि मागे नुसती टेपची खरखर उरली.

"बंद कर," बाबा ओरडले.

"काढलीय हो! हे बघा, शून्यावर आहे."

"मला ऐकू येतीया."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमच्या घरात जिचं नावही कधी निघालं नाही, ती हलगी हा माणूस चाळीस वर्षं ऐकत होता.

"बाप वाजवायचा तवा मी म्होरं नाचायचो," बाबा म्हणाले. "लई आवडायची रे मला. त्यानं चुलीत घातली तवा समदी टाळ्या वाजवीत हुती, आन मी मागल्या दारी जाऊन रडलो. पुढं त्याचा हात मोडला. मंग कुन्या तोंडानं सांगायचं, मला हलगी पायजे म्हनून?"

श्रीमंतने मान खाली घातली. दादाने हळूच चौथ्या बटणावर बोट ठेवलं.

"बाबा, मग परत घालू?"

"न्हाई." बाबांनी बाहीने तोंड पुसलं. "ती जागा अशीच ऱ्हाऊ दे. कशानं बी भरू नका. तेवढी माझी हाय."

दादाने बटणावरचं बोट काढलं.