तीस जूनला तोडलेली तार

मित्रांनो, नूरिल्लाच्या सभागृहाच्या पत्र्यावर रोज संध्याकाळी गुलाबी काकाकुवे येऊन बसतात. त्यांच्यात एक जण कधीच उडत नाही. तो मी. मी एक जुना भोंगा आहे. नदी चढली की गावाला ओरडून सांगायचं, एवढं एकच काम मला शिकवलं होतं. ते मी साठ वर्षं केलं. ज्या दिवशी केलं नाही, त्या दिवसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, कारण त्या दिवशी गप्प बसलो तो माझ्या मर्जीने नाही.

दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझं बिडाचं अंग ओतलं गेलं. जाड चष्म्याच्या एका बाईने माझ्या मोटारीवर तांब्याची तार गुंडाळली आणि शेवटच्या वेढ्याला गाठ मारून म्हणाली, "जा आता, कुणाच्या तरी कामी ये." नूरिल्लात त्याच्या आदल्या वर्षी भरदुपारी पूर आला होता आणि नदीकाठच्या वेअर रस्त्यावरच्या लोकांना तो दारात आल्यावर कळला होता. म्हणून गावच्या बायकांनी शनिवारमागून शनिवार केक विकले आणि मला आणवलं. माझी निविदा निघाली नव्हती, करार झाला नव्हता. गावचा कारभार बघणाऱ्या परिषदेच्या मालमत्तेच्या यादीत माझं नावसुद्धा नव्हतं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

मला छपरावर ओढून चढवणाऱ्यांत एकोणीस वर्षांचा क्लेम रड होता. दोराने त्याचे तळहात सोलले गेले. मी जागेवर बसल्यावर त्याने माझ्या पोटावर टिचकी मारली आणि म्हणाला, "आरड बघू, आरड्या." मी आरडलो. खालचे घोडे बिथरले. तेव्हापासून माझं नाव आरड्या.

क्लेम वेअर रस्त्यावरच्या शेवटच्या घरात राहायचा, नदीला लागून. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी बाराला माझी चाचणी व्हायची. माझ्याच छपराखाली असलेल्या परिषदेच्या ऑफिसात भिंतीवर लाल बटण होतं, ते कुणीतरी दाबायचं आणि मी अर्धा मिनिट वाजायचो. त्या वेळी क्लेम पडवीत येऊन उभा राहायचा आणि माझ्याकडे बघून टोपी उंचवायचा. त्याची बायको एडना आतून म्हणायची, "भोंग्याशी बोलायला वेळ आहे यांना. माझ्याशी बोलायचं तर कान दुखतात."

माझ्या आयुष्यात दोन मोठे पूर आले. दोन्ही वेळा मी वाजलो आणि वेअर रस्ता बॅगा, कोंबड्या, शिवणयंत्रं घेऊन टेकडी चढून सभागृहात आला. पाणी उतरलं की क्लेम खाली उभा राहून म्हणायचा, "चांगला आरडलास." मला आणखी काही नको होतं. पुढे एडना गेली. क्लेमचे केस पिकले, पाठ वाकली. त्याने बिस्किट नावाची तांबूस कुत्री पाळली. पण गुरुवारची टोपी चुकली नाही.

नऊ वर्षांपूर्वी परिषदेच्या करार विभागात मेरिन टॅस्कर आली. ती फार जपून काम करणारी बाई. लेकराचा श्वास चालू आहे ना म्हणून आई जशी झोपेतही कान देते, तशी ती प्रत्येक कागद दोनदा वाचायची. गुरुवारचं बटण तिच्याकडे आलं. बटण दाबून ती खिडकीतून डोकं बाहेर काढायची आणि मी नीट वाजलो ना ते ऐकायची. छपरावरच्या वस्तूला खालचं सगळं ऐकू येतं, मित्रांनो. मेरिन माझी काळजी घेणारी आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मग नव्या यंत्रणेसाठी अनुदान आलं. नदीत पाणी मोजणारा खांब, ते आकडे पाठवणारी पेटी आणि लोकांच्या फोनवर निरोप धाडणारी सोय. चांगली कल्पना होती. मी म्हातारा झालो होतो, वाऱ्याची दिशा फिरली की वेअर रस्त्यावर माझा आवाज पातळ व्हायचा, हे मलाही कळत होतं. पण अनुदान हातात पडायला एप्रिल उजाडला आणि ते आर्थिक वर्ष संपायच्या आत, म्हणजे तीस जूनपर्यंत, खर्च झालं नाही तर परत जाणार होतं. एवढ्या मोठ्या कामाला जाहीर निविदा काढावी लागते. तिला चार महिने लागतात.

विभागाचा प्रमुख रसेल व्हिटन म्हणाला, "तीन तुकडे करू. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसतो. तीन-तीन दरपत्रकं मागव आणि मोकळी हो."

"एका कामाचे तीन धनी?" मेरिन म्हणाली. "मधल्या सांध्यांचा धनी कोण?"

"तू आहेस की. म्हणून तर तुला पगार देतात."

खांब एकाकडे गेला, पेटी दुसऱ्याकडे, निरोप तिसऱ्याकडे. मेरिनने तिन्ही करार स्वतः लिहिले. काम अर्धवट टाकून आणि जुनं सामान आपल्या गळ्यात मारून कुणी पळू नये, म्हणून तिसऱ्या करारात तिने कलम अकरा घातलं: जुनी यंत्रणा तोडल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. चांगल्या मनाने घातलं होतं. जुनी यंत्रणा म्हणजे मी, हे लिहिताना तिच्या लक्षात आलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

तीस जूनला नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. रसेल तिच्या टेबलाशी आला.

"सही राहिलीय तुझी."

"चाचणी झाली असं कसं लिहू, रसेल? पाणी चढल्यावर फोन वाजतो का, हे कुणी बघितलंय?"

"तिघांनी आपापलं तपासलंय. खांब मोजतो. पेटी पाठवते. निरोप जातो. तीन कागद, तीन खुणा. आता काय पूर मागवू तुझ्यासाठी?"

ऑफिसात कुणीतरी हसलं.

"चार दिवस थांबलो तर?"

"मग अनुदानवाल्यांना तू फोन करून सांग, पैसे होते पण नदी कोरडी होती. आणि त्या भोंग्याची तार आजच तोडायची आहे. कलम अकरा. तुझंच अक्षर आहे."

तिने खुर्ची पुढे ओढली. मग पेनाचा आवाज आला.

तिसऱ्या प्रहरी एक वायरमन शिडी लावून वर आला. त्याने तार तोडली, टोकाला काळी पट्टी गुंडाळली आणि शीळ घालत उतरला. मला खाली उतरवायला क्रेन लागते, आणि क्रेन कुणाच्याच करारात नव्हती. म्हणून मी छपरावरच राहिलो. भिंतीवरचं लाल बटण काढायचंही कुठे लिहिलेलं नव्हतं, तेही राहिलं. सांगायचं इतकंच की गावाला मी होतो तसाच दिसत राहिलो.

जुलैचा पहिला गुरुवार आला. बारा वाजले. क्लेम पडवीत आला, टोपीला हात लावून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग तो आत गेला आणि खाली मेरिनच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर घेतला.

"पोरी, आरड्या आजारी आहे का गं?"

"नाही क्लेमकाका. चाचणीची पद्धत बदललीय आता. आवाज न करता होते."

"आवाज न करता भोंग्याची चाचणी? म्हणजे न जेवता पोट भरायचं म्हण की."

ती हसली. "तुम्हाला पत्र येईल. त्यात सगळं नीट लिहिलंय."

पत्र तिने लिहिलं होतं, हे खरं. भोंगा बंद झाला आहे, त्याची वाट बघू नका, असंच त्यात होतं. पण लोकांना जाणारं प्रत्येक पत्र वरून मंजूर व्हावं लागतं, आणि वरच्यांना 'बंद' हा शब्द आवडला नाही. पत्र दुरुस्तीला गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. लोकांपर्यंत ते पोचलंच नाही. फोनवर ती जे बोलली ते धड खोटं नव्हतं, मित्रांनो. पण खरंही मुळीच नव्हतं. मला वाटलं होतं, निदान ती तरी सांगेल. माझा घात तार तोडली तेव्हा झाला नाही, त्या फोनवर झाला.

फेब्रुवारीत वरच्या डोंगरांत दोन दिवस पाऊस कोसळला. गावावर मात्र लख्ख ऊन होतं. दुपारी दोनला मला वळणावरून येणारं पाणी दिसलं. तपकिरी, झाडं घेऊन येणारं. नव्या खांबाने ते मोजलं. पेटीने आकडा पाठवला. निरोपसुद्धा अगदी वेळेवर गेला, पण एकाच फोनवर. लोकांच्या नंबरांची यादी परिषद देईल असं एका करारात होतं, पुरवठादार ती मागून घेईल असं दुसऱ्यात. कुणी दिली नाही, कुणी मागितली नाही. यादीत फक्त चाचणीसाठी टाकलेला एक नंबर होता, आणि तो माणूस आठशे किलोमीटरवर जेवायला बसला होता.

मी बघत होतो. क्लेमच्या धुराड्यातून धूर निघत होता. त्याने खिडकीतून नदीकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी गप्प होतो. तो निवांत आत गेला. माझं गप्प बसणंसुद्धा त्याच्यासाठी निरोप होता, आणि तो निरोप खोटा होता.

खाली मेरिन खुर्ची ढकलून उठली. तिलाही पाणी दिसलं होतं. ती धावत भिंतीशी गेली आणि तिने लाल बटण दाबलं. तार तोडल्याच्या कागदावर सही तिची, तरी घाबरलेला हात जुन्या सवयीने तिकडेच गेला. तिने पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबून ती ते तसंच धरून उभी राहिली. मग ओरडली, "बोट काढा, वेअर रस्ता," आणि गाडीकडे पळाली.

क्लेमला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोटीत ओढून घेतलं. तो सारखा एकच बोलत होता. "भोंगा वाजला नाही ना, म्हणून चहा टाकला मी." पोस्टमन यायची वेळ, म्हणून बिस्किटला त्याने मागच्या पडवीत बांधलं होतं. बोट घराच्या मागच्या बाजूला वळेपर्यंत पडवी पाण्याखाली गेली होती.

दुसऱ्या दिवशी क्लेम सभागृहातून ब्लँकेट पांघरून बाहेर आला आणि माझ्याखाली उभा राहिला.

"साठ वर्षं तुझ्या भरवशावर झोपलो रे," तो म्हणाला. "तू तरी."

मागून मेरिन आली. तिचे डोळे सुजले होते.

"त्याची चूक नाही, क्लेमकाका. त्याची तार तोडलीय. तीस जूनला. सही माझी आहे."

क्लेम तिच्याकडे वळला. "मग जुलैत मी फोन केला तेव्हा काय सांगितलंस मला?"

उत्तरासाठी तो थांबला नाही.

चौकशी झाली. तिन्ही पुरवठादारांचे कागद चोख निघाले. रसेलची दुसऱ्या गावी बदली झाली. मेरिन नोकरी सोडणार असं लोक म्हणत होते, पण ती राहिली. या वेळी एकच निविदा निघाली, पुरते चार महिने घेऊन, आणि त्यात मला पुन्हा जोडायचं कलम होतं. काम पुरं झाल्यावर नवा प्रमुख कागद घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "आज नाही. आधी मी वेअर रस्त्यावर जाऊन ऐकते. घरातला फोनही वाजला पाहिजे आणि भोंगाही. मग सही."

मित्रांनो, जुनं कधीच काढू नका असं मी म्हणत नाही. मीही एके काळी नवाच होतो. पण जुन्याचा आवाज बंद करण्याआधी नव्याचा एकदा स्वतःच्या कानांनी ऐका, जिथे तो पोचायला हवा तिथे उभं राहून. आणि जो माणूस जुन्याच्या भरवशावर बसला आहे, त्याला त्याच दिवशी, साध्या शब्दांत सांगा. पत्राची वाट बघू नका.

या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बारा वाजता मी वाजलो. अर्धा मिनिट, जीव ओतून. मेरिन क्लेमच्या पडवीत उभी होती. घरातला फोनही वाजला. क्लेमने तो उचलला, "ऐकू आलं" म्हणाला आणि ठेवला.

मग तो बाहेर आला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती. त्याने नदीच्या काठावर एक काठी रोवली आहे, तिच्यावर चाकूने खुणा केल्या आहेत. मी अजून वाजतच होतो. माझ्याकडे न बघता तो हळूहळू खाली उतरला, काठीपाशी वाकला आणि पाणी कुठपर्यंत आलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू लागला.